गोल्फ हा 'स्पोर्ट' आहे की नुसता 'गेम'? एका जुन्या कॅडीचं उत्तर

तुम्ही लिहिलंय की गोल्फ स्पोर्ट आहे की नाही यावर मित्राशी पैज लागली आहे. त्याचं म्हणणं, ज्यात पळावं लागत नाही, घाम येत नाही आणि सत्तरीचा माणूसही खेळू शकतो, त्याला स्पोर्ट म्हणायचं नाही. गेम म्हणा, टाइमपास म्हणा.

मी गोल्फ खेळत नाही. पण बारावीनंतर पोलीस भरतीची तयारी करत नागपूरजवळ मामाकडे राहायला होतो, तेव्हा एक अख्खा हिवाळा कॅडीचं काम केलंय. म्हणजे साहेबांच्या काठ्यांची बॅग खांद्यावर टाकून त्यांच्यामागं चालायचं. आता गावी कापूस-तुरीचं वावर बघतो. तेव्हा हे उत्तर बॅग वाहणाऱ्याचं आहे, एवढं धरून वाचा.

माझ्या मते स्पोर्टच. पण तुमच्या मित्राचं सगळंच चूक नाही.

आधी एक गंमत. आपल्या भाषेत हा प्रश्न धड विचारताच येत नाही. कबड्डी खेळ, विटीदांडू खेळ, पत्तेही खेळ. 'क्रीडा' हा शब्द आमच्या गावात दोनच ठिकाणी भेटतो: शाळेच्या स्पर्धेच्या बॅनरवर आणि भरतीच्या फॉर्मवर, जिथं पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी सर्टिफिकेट जोडावं लागतं. आणि सरकारची व्याख्या तर ऐसपैस आहे. देशातला पहिला खेलरत्न पुरस्कार (१९९१-९२) विश्वनाथन आनंदला मिळाला, आणि तो खेळतो खुर्चीवर बसून. सरकारला पंच नेमलं तर तुम्ही पैज दोन मिनिटांत जिंकाल, पण त्यात मजा नाही.

माझी कसोटी वेगळी आहे. तो खेळ दुसऱ्याच्या हातानं खेळता येतो का? आमच्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली. तिनं मला फोनवरून सांगितलं, "घोडा या घरात ठेव," तर मी ठेवीन आणि डाव तीच जिंकेल. माझ्या हाताचा तिला ना फायदा ना तोटा. गोल्फमध्ये साहेबानं कितीही समजावलं तरी बॉल माझ्या हातून जात नाही. जात नाही हे मी करून बघितलंय.

एक निवृत्त फौजी साहेब होते. सत्तरीच्या आसपास वय, गुडघ्याला पट्टा. एका दुपारी मागं कोणी नव्हतं, तर म्हणाले, "मार रे एक." मी तेव्हा सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत पळायचो, रोज गोळा फेकायचो. गावात विटीदांडूत माझी विटी थेट मारुतीच्या ओट्यापर्यंत जायची. म्हटलं, उडती विटी मारणारे आपण, हा बॉल तर जागचा हलतही नाही. पहिला फटका नुसत्या हवेत. दुसरा बॉलच्या चार बोटं मागं जमिनीत बसला, गवतासकट ढेकूळ उडालं आणि मनगटापासून कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. तिसऱ्या वेळी बॉल काठीच्या टोकाला लागून उजवीकडं बाभळीत घुसला. साहेबांनी तीच काठी घेतली, पाय रोवले, अंग पिळलं आणि सोडलं. जोर लावल्यासारखं काही दिसलंच नाही. बॉल दीडशे यार्ड सरळ. दुसऱ्या दिवशी माझी कंबर अशी धरली की सकाळचं रनिंग बुडालं. तेव्हा डोक्यात आलं की हा फटका हाताचा नसतोच. टाच, मांडी, कंबर, खांदा अशी ती साखळी आहे, आणि एक कडी मागंपुढं झाली की बॉल बाभळीत.

बॉल भोकाजवळ आला की मात्र ताकदीचं काम संपतं. भोक सव्वाचार इंचांचं, बॉल ४६ ग्रॅमच्या आतला, आणि हिरवळीचा उतार डोळ्याला दिसत नाही. तिथं माझा भाव वाढायचा. साहेब विचारायचे, "बोल, कुठून जाईल?" मी खाली बसून एवढंच बघायचो की इथं पाऊस पडला तर पाणी कुणीकडं वाहील. वावरात बांध फुटू नये म्हणून लहानपणापासून तेच तर बघत आलो होतो. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. चुकलं की शिव्याही मलाच.

आता पळण्याचं. आमच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळतात बैल, पण बैलजोडीबरोबर ती हाकणाऱ्या धुरकऱ्याचंही नाव होतंच ना? आणि तिरंदाजी? नागपूरचाच ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेता झाला, फायनलला १५० पैकी १५० गुण. एक पाऊलही न पळता. त्याला टाइमपास म्हणायची तुमच्या मित्राची हिंमत होईल का? योगायोग बघा, १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेनं गोल्फवर बंदी घातली होती, कारण लोक तिरंदाजीचा सराव सोडून त्यातच रमायला लागले होते.

ऑलिंपिकचा दाखला हवा असेल तर गोल्फ १९०० आणि १९०४ ला होतं, मग थेट २०१६ ला परत आलं. यात ज्याचे फटके कमी तो पुढं. टोकियोत आपली अदिती अशोक चार दिवसांत ७२ होल, म्हणजे भोकं, खेळून २६९ फटक्यांवर थांबली. कांस्यपदकवाली २६८ वर. एका फटक्यानं चौथी.

घामाबद्दल तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातच भांडण झालंय. केसी मार्टिन नावाच्या गोल्फरच्या पायात रक्ताभिसरणाचा जन्मजात आजार होता, त्यानं स्पर्धेत बग्गी, म्हणजे मैदानात फिरायची छोटी गाडी, मागितली. स्पर्धावाले म्हणाले, चालणं हा खेळाचाच भाग आहे. २००१ मध्ये निकाल सात विरुद्ध दोन असा मार्टिनच्या बाजूनं लागला. गोल्फचा गाभा फटका आहे, चालणं नाही, असं कोर्टानं धरलं. पाच तासांत पाच मैल चालून पाचशेच कॅलरी जळतात, एका बिग मॅक बर्गरपेक्षा कमी, हा हिशोबही त्या निकालात आहे. मला तो वाचून रागच आला. त्या हिशोबात बारा-पंधरा किलोची बॅग धरलेली नाही, ती कॅडीच्या खांद्यावर असते!

मित्राचं कुठं बरोबर आहे तेही सांगतो. रविवारी बग्गीत बसून, फोनवर धंद्याच्या गोष्टी करत नऊ होल फिरणारे मी पुष्कळ पाहिले. मामा कुंपणाबाहेरून बघून म्हणायचा, "हे काय खेयणं हाय का बावा, वावर फिरून ऱ्हायले लोक!" त्या लोकांपुरतं मामाचं खरं होतं. आणि गावाला टँकर लागतो तेव्हा तिथं फवारे चालू असतात, ते बघून कोणाला गोल्फ गोड लागेल? 'हा कसला स्पोर्ट' म्हणणाऱ्यांचा निम्मा राग या पैशावर असतो असं मला वाटतं. तो राग मलाही आहे, पण त्यानं फटका सोपा होत नाही.

मित्र तरीही ऐकत नसेल तर त्याला जवळच्या ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे गोल्फच्या फटक्यांचा सराव करतात तिथं, न्या आणि बॉलची एक टोपली पूर्ण मारायला लावा. पैजेचे पैसे तिथं मागू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करा आणि आधी कंबर कशी आहे ते विचारा.