दिवसभर रील्स बघण्यात वेळ जातो, चित्रं काढायची राहून जातात. काय करावं?

फोन सोडू नका, क्रम बदला. सकाळी आधी वही उघडा, तोवर फोन दुसऱ्या खोलीत राहू दे. एकदा रील्स सुरू झाल्या की उठवत नाही, कारण त्यांना शेवटच नसतो. यूट्यूबवर ऑटोप्ले, म्हणजे एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप लागणं, बंद करा. पाहिलेल्या व्हिडिओंची हिस्टरीही पुसून बंद ठेवा. मग होमवर शिफारशी येत नाहीत, हवं ते शोधूनच बघावं लागतं. माझ्या मते सगळ्यात उपयोगी हेच. अँड्रॉइडच्या ‘डिजिटल वेलबीइंग’मध्ये अ‍ॅपला रोजची मर्यादा लावता येते, पण ती काढणंही तितकंच सोपं. आणि चित्रकलेचे व्हिडिओ नुसते बघून हात वळत नाही हो! बघायचेच तर पेन्सिल हातात घेऊन, मध्येमध्ये थांबवत, तेच चित्र काढत बघा.