चांगला उद्योजक होण्यासाठी अंगात कोणते गुण लागतात? माझा स्वभाव धाडसी नाही.

तुम्ही लिहिलंय की वय २६, वेर्ण्याला कंपनीत नोकरी, स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय, पण घरचे म्हणतात 'तुझ्यात धाडस नाही'. जिद्द, चिकाटी, दूरदृष्टी हे सगळं बाकीच्या उत्तरांत येऊन गेलंय, ते मी परत लिहीत नाही. मला त्या 'धाडस नाही'वर बोलायचंय. हे वाक्य मी २०११ पासून ऐकतोय आणि ऐकवणारा माझा सख्खा थोरला भाऊ आहे.

आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. २०११ साली दादाचे तीन ट्रक लोहखनिजाच्या खाणीवर होते. तेव्हा चीनला आमचं हलक्या प्रतीचं खनिजसुद्धा चालत होतं. रस्त्यावर ट्रकांची रांग, रस्त्याकडेच्या झाडांची पानं लाल, आणि ज्याच्या दारात ट्रक नाही तो एकतर मास्तर नाहीतर मूर्ख. कर्ज द्यायला बँकेवाले घरी यायचे. दादा म्हणाला, तूही एक घे, माझ्याबरोबर लावू. मी नको म्हटलं. मला काजूचा कारखाना घालायचा होता. कारखाना म्हणजे मागच्या पडवीत बी उकडायचं भांडं, चार कटर, एक ड्रायर आणि कामाला सहा बायका. दादा जेवता जेवता आईसमोर म्हणाला, "तुज्यान धंदो जावचो ना. तूं भिवकुरो." म्हणजे तुझ्याच्यानं धंदा व्हायचा नाही, तू भित्रा.

खाणी बंद पडणार हे मला आधीच कळलं होतं, अशी फुशारकी मी मारणार नाही. मला फक्त ट्रकाचा हिशेब लागत नव्हता. दिवसाला फेऱ्या किती मिळणार हे दुसरा ठरवणार, दर तिसरा ठरवणार, आणि हप्ता मात्र माझा. आमच्याच राज्यातल्या धेंपो समूहानं २००९ मध्ये आपला खाण व्यवसाय सेसा गोवाला १,७५० कोटींना विकला. पुढची दोन वर्षं आमच्या वाड्यावर मात्र नवे ट्रक येतच होते, नारळ फुटत होते. धेंपोंना बंदी दिसली होती असं मी म्हणत नाही. पण त्यांनी विकलं म्हणून त्यांना कोणी भित्रं म्हटलेलं मी ऐकलं नाही. ते विशेषण माझ्यासारख्यासाठी राखून ठेवलेलं असतं.

आता माझ्या धाडसाची गोष्ट. मी ते एकदाच केलं.

२०१२ चा पहिला सीझन बरा गेला होता. बी किलोला ७२ रुपयांनी घेतली होती. मे संपता संपता एक दलाल आला, चार टन बी, ५८ रुपयांनी. सीझन संपताना बी स्वस्त का होते हे काजूतल्या कुठल्याही माणसाला माहीत असतं. सुकलेली बी मूठभर घेऊन हलवली की खुळखुळ वाजते आणि नख मारलं तर टरफलावर वण उठत नाही. मी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. आत बी गार लागली. एक काढून नख मारलं, वण उठला. म्हणजे उत्तर मला मिळालं होतं, बी ओली होती. पण दादा तिथेच टेंपोला टेकून उभा होता आणि हसत होता. काय, भियेलो? मी म्हटलं, उतरव सगळी.

दोन लाख बत्तीस हजार. त्यातले एक लाख म्हापशाच्या एका दुकानदाराने चवथ (गणेशचतुर्थी) ते दिवाळीच्या मालासाठी दिलेला ॲडव्हान्स होता, बाकीचे सोसायटीकडून काढलेले. बी दोन दिवस खळ्यात वाळत घातली. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं, चौथ्या दिवशी पाऊस. तशीच पोत्यांत भरून खोलीत रचली आणि वर ताडपत्री घालून देवाचं नाव घेतलं.

ऑगस्टात पोतं उघडलं तेव्हा आधी वास आला. कुबट, ओल्या गोणपाटासारखा. मग जे मेमध्ये करायला हवं होतं ते केलं. शंभर बिया मोजून घेतल्या, प्रत्येक उभी कापली आणि ओळीनं मांडली. ५९ बऱ्या. बाकीच्यांत गर राखाडी पडलेला, काहींवर काळे ठिपके, चारपाच नुसत्याच पोकळ. बायका काही बोलल्या नाहीत, हाताला राख लावून तशाच बसून राहिल्या. राख लावतात कारण टरफलाचं तेल लागलं की कातडी सोलून निघते.

दादाचा सल्ला होता, डागी माल चांगल्यात मिसळ, भाज, मीठ-मिरी लाव, पर्यटकाला काय कळतंय. खरं सांगायचं तर दोन रात्री मीही तसाच विचार करत होतो. ३२० नंबरचा गर म्हणजे पौंडाला सुमारे ३२० दाणे. त्यात थोडे डागी सरकवले तर मोजायला कोण बसणार आहे?

शेवटी शुक्रवारी सकाळी स्टीलच्या डब्यात वीस कापलेल्या बिया घेतल्या, दहा बऱ्या, दहा खराब, आणि कदंबाची बस पकडून म्हापशाला गेलो. शुक्रवार म्हणजे बाजाराचा दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. त्यांनी हातानंच थांब म्हणून खूण केली. दीड तास मी केळीवाल्या बाईच्या बाजूला डबा मांडीवर घेऊन बसलो. सोमवारी येऊ, फोन करून सांगू, असं निदान दहा वेळा मनात आलं. त्यापेक्षा ट्रक घेणं सोपं होतं, हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये.

त्यांनी डबा उघडला, काळा ठिपका असलेला एक गर तोंडात टाकला आणि बाहेर थुंकले. "पैसे?" म्हणाले. मी म्हटलं, बीत गेले. मग चार गिऱ्हाइकांसमोर मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ओरडून झाल्यावर विचारलं, चांगला माल किती निघेल? मी म्हटलं, चारशे किलो कबूल केला होता, निवडून सव्वादोनशे देतो, राहिलेला मार्चच्या नव्या बीचा. त्यांनी किलोमागे १५ रुपये कापले आणि हो म्हणाले. अजूनही माल तिथेच जातो. ते १५ रुपये अजून त्यांनी वाढवून दिलेले नाहीत, दर चवथीला मी मागतो.

मला वाटतं तो गुण हा आहे. वाईट बातमी दुसऱ्याकडून पोचायच्या आधी आपण स्वतः घेऊन जाणं. याला धाडस म्हणायचं तर म्हणा, पण दादा ज्याला धाडस म्हणतो ते हे नव्हे.

कारण त्याच वर्षी १० सप्टेंबरला, चवथीच्या नऊ दिवस आधी, सरकारनं खाणी स्थगित केल्या. आधी काढून ठेवलेल्या मालाची वाहतूक तेवढी राहिली होती. ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तीही थांबवली. तीन ट्रक दारात. दादानं बँकेचा फोन उचलणं बंद केलं. मी म्हटलं, कागद घेऊन मॅनेजरला भेट, म्हापशाचं माझं काय झालं ते बघितलंस ना. तर म्हणाला, भिकाऱ्यासारखा जाऊ? तीन ट्रकांच्या कर्जावर मान वर न करता सह्या करणारा माणूस, आठ महिने बँकेची पायरी चढला नाही. तोवर व्याज चढत होतं आणि चाकांतून रान वर आलं होतं. बंदी २०१४ च्या एप्रिलमध्ये उठली, तीही वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून. तेव्हा त्यातला एकच ट्रक चालू होण्याच्या लायकीचा होता. २०१८ ला न्यायालयाने खाणींच्या ८८ लिजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि तोही थांबला.

दादाचं म्हणणं असं की कोर्टानं बंद केलं त्यात माझ्या स्वभावाचा काय दोष? बरोबर आहे. बंदीवर कुठलाच गुण चालत नाही. माझं भांडण बंदीबद्दल नाहीच, त्या आठ महिन्यांबद्दल आहे. हे त्याला मी चौदा वर्षं समजावतोय.

तुमच्यापुरतं बोलायचं तर दोनचार गोष्टी. उधारी मागताना लाज वाटत असेल तर ती आधी घालवा, त्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही, मित्राला दिलेले पाचशे रुपये मागून बघा. हिशेब रोज रात्री लिहा, महिन्याच्या शेवटी नाही. आणि कोणीतरी बाजूला उभं राहून हसतंय म्हणून कधीही माल उतरवून घेऊ नका. धंदा कसला करायचाय ते तुम्ही लिहिलेलंच नाही, म्हणून याच्यापुढं मी काही सांगू शकत नाही. वेर्ण्याची नोकरी मात्र एवढ्यात सोडू नका.

ती का सोडू नका, हे आधीच लिहायला हवं होतं. त्या वर्षी आमचं घर बायकोच्या शाळेच्या पगारावर चाललं. मी म्हापशाला ताठ मानेनं जाऊ शकलो, कारण परत आल्यावर घरात जेवण होतं. दादाच्या घरात दुसरा पगार नव्हता. त्यामुळे कोण शूर आणि कोण भित्रा याचा निकाल वाटतो तितका सरळ नाही, हे मला कळतं. बायकोनं हे वाचलं तर म्हणेल की उद्योजकाचा पहिला गुण म्हणजे मास्तरीण बायको, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. शिवाय गोवा एवढासा. म्हापशाचा दुकानदार माझ्या मामाला ओळखत होता, पळून जाणार कुठं? मुंबईत किंवा ऑनलाइन विकताना हा डबा घेऊन जायचा प्रकार चालेल की नाही, याचा मला अनुभव नाही.

दादा आता माझ्याच मालाची पिकअप चालवतो. वर लिहिलेलं काल त्याला वाचून दाखवलं, म्हटलं हरकत असेल तर काढतो. शेवटपर्यंत ऐकलं त्यानं. मग म्हणाला, ट्रक तीन नव्हते, चार होते. चौथा वहिनीच्या नावावर होता, आणि तो २०१३ लाच ओढून नेला होता.

वहिनी आत भाकऱ्या थापत होती, तिनं तवा उतरवला. आईला ठाऊक होतं का, असं मी विचारलं. तो गाडीची चावी घेऊन उठला, म्हणाला म्हापशाचा माल भरायचाय.