वाचकांचे प्रश्न: स्पार्क कुठे अडतो?

प्रश्न: माझी जुनी चार सिलिंडरची गाडी (१२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचे मायनस टोक बॉडीला) बरेच महिने उभी होती. पॉइंट आणि कंडेन्सर नवे टाकले, तेव्हापासून स्पार्कच नाही. टेस्ट लॅम्प (चिमटी बॉडीला लावून टोक टेकवायचा तपासणीचा दिवा) कॉइलच्या प्लसला लागतो, मायनसला मात्र कधीच लागत नाही. कॉइल गेली असेल म्हणून तीही बदलली, तरी फरक नाही. आता काय बदलू?

उत्तर: सध्या काहीच बदलू नका. कॉइल प्लगसाठी उच्च दाब तयार करते; तिचा करंट जोडण्या-तोडण्याचा स्विच म्हणजे पॉइंट, आणि त्यांच्यावरची ठिणगी शमवतो तो कंडेन्सर. प्लसला दिवा लागतो, म्हणजे बॅटरी, चावीचा स्विच आणि तिथपर्यंतची वायर ठीक आहे. मायनसला पॉइंट मिटलेले असताना दिवा न लागणे बरोबरच आहे. पॉइंट उघडले की तो लागला पाहिजे. सेल्फ मारताना दिवा लुकलुकला, तर पॉइंट आपले काम करत आहेत. तुमच्याकडे तो कायम विझलेला आहे. म्हणजे मायनसची बाजू कुठेतरी सतत अर्थ होते आहे, नाहीतर पॉइंट उघडतच नाहीत.

आधी दुसरी शक्यता तपासा, कारण तिला दोनच मिनिटे लागतात. डिस्ट्रिब्युटरची (प्लगना पाळीने स्पार्क वाटणारा भाग, पॉइंटही त्यातच असतात) कॅप आणि रोटर (आत फिरणारा तुकडा) काढा. पॉइंटची टाच कॅमच्या उंचवट्यावर येईल इतके इंजिन हाताने फिरवा आणि फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घाला. अशा बऱ्याच गाड्यांत गॅप ०.३५ ते ०.४० मिमी असतो, नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात पाहा. स्क्रू आवळताना पट्टी सरकते आणि लावलेला गॅप शून्यावर येतो. हे फार वेळा होते, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा.

गॅप बरोबर असेल तर शॉर्ट शोधायचा. पॉइंटमध्ये कोरड्या पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा, म्हणजे ते नक्की उघडे राहतील. कॉइलच्या मायनसवरची वायर काढा, चावी ऑन करा आणि नुसत्या मायनस टोकाला दिवा लावा. लागला तर कॉइल शाबूत आहे. नाही लागला तर कॉइलची प्रायमरी (प्लस-मायनसमधली आतली गुंडाळी) तुटलेली आहे. नव्या कॉइलमध्येही असे होऊ शकते, पण क्वचित.

दिवा लागला असे धरू. आता दिव्याची चिमटी प्लसला आणि टोक त्या काढलेल्या वायरला लावा. पॉइंटमध्ये पुठ्ठा असूनही दिवा लागला, तर ती वायर किंवा तिच्यापुढचे काहीतरी अर्थ होते आहे. दिवा तसाच ठेवून एकेक जोडणी सोडवत जा. कंडेन्सरची वायर सोडल्यावर विझला तर कंडेन्सर शॉर्ट. नवा आहे म्हणून त्याला सूट देऊ नका. पॉइंटची जोडणी सोडल्यावर विझला तर बसवण्यात चूक आहे. कॉइलची आणि कंडेन्सरची टोके फक्त पॉइंटच्या स्प्रिंगला टेकली पाहिजेत, खालच्या खिळ्याला किंवा प्लेटला नाही. त्यासाठीचे प्लॅस्टिकचे बुश आणि वॉशर उलट्या क्रमाने बसले की पॉइंट कितीही उघडले तरी करंट तुटत नाही, आणि करंट तुटल्याशिवाय स्पार्क नाही. तुमच्या गाडीबाबत माझा पहिला संशय इथेच आहे.

वायर डिस्ट्रिब्युटरपासून पूर्ण सोडवूनही दिवा लागलेलाच राहिला, तर ती वाटेत पत्र्यावर घासून सोलली आहे. जुन्या गाडीत कोणीतरी चोरीपासून बचावासाठी या वायरवर लपवलेला स्विच लावलेला असतो, तोही बघा. आरपीएम मीटरची वायर साधारण कॉइलच्या मायनसलाच जोडलेली असते. या सगळ्या तपासणीपुरती ती बाजूला ठेवा.

दिवा बल्बचाच वापरा. एलईडीला नगण्य करंट लागतो, त्यामुळे गंजलेल्या जोडणीतूनही तो झकास पेटतो आणि फसवतो.

याच्या उलट, म्हणजे मायनसला दिवा कायम लागलेला असेल, तर पॉइंट मिटूनही करंट जात नाही. नव्या पॉइंटवर गंज टाळण्यासाठी तेलाचा पातळ थर असतो, तर उभ्या गाडीच्या पॉइंटवर ऑक्साइड साचते. बारीक पॉलिश पेपर फिरवा, मग स्पिरिटमध्ये भिजवलेला पुठ्ठा पॉइंटमधून ओढा. तरीही दिवा विझला नाही, तर प्लेटला अर्थ देणारी डिस्ट्रिब्युटरमधली छोटी वायर वेणीतून तुटली आहे का ते पाहा.

प्रश्न: सेल्फ मारताना इंजिन पेटते, चावी सोडली की लगेच बंद. कॉइल बदलावी का?

उत्तर: नाही, बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलकडे जाणारा करंट कमी करणारा रोध) तपासा. सेल्फ मारताना त्याला वळसा घालून कॉइलला थेट करंट मिळतो. चावी सोडल्यावर करंट रेझिस्टरमधून यायला हवा, पण रेझिस्टर तुटलेला आहे. चावीच्या स्विचचा रन संपर्क गेला तरी हेच लक्षण दिसते. तो रेझिस्टर कायमचा टाळून गाडी चालवू नका. बॅलास्टसोबत वापरायची कॉइल साधारण दीड ओहमची असते; सरळ १२ व्होल्टवर तिच्यातून दुप्पट करंट जातो आणि पॉइंट जळतात.

प्रश्न: अर्धा तास चालल्यावर गाडी बंद पडते, गार झाली की सुरू होते. पेट्रोलचा प्रश्न की इग्निशनचा?

उत्तर: बंद पडल्या क्षणी तपासले तरच उत्तर मिळेल. एक जादा प्लग गाडीत ठेवा, तेव्हा प्लगच्या वायरला लावा, प्लगची बॉडी इंजिनच्या धातूला घट्ट टेकवा आणि सेल्फ मारायला सांगा. जवळपास पेट्रोलची गळती नको. जोरदार निळा स्पार्क असेल तर कार्बोरेटर आणि पंपाकडे वळा. नसेल तर आधी कंडेन्सर बदलून पाहा, मग कॉइल. मीटरवर गार कॉइल चांगली दिसली तरी विश्वास ठेवू नका. आतले इन्सुलेशन गरम झाल्यावर उच्च दाबाखालीच फुटते, ते मीटरला दिसत नाही.

प्रश्न: कॉइलच्या मधल्या वायरला दणदणीत स्पार्क आहे, प्लगला एकालाही नाही. कॅप स्वच्छ आहे.

उत्तर: कॅपच्या आत मधला कार्बन स्प्रिंगसह हलतो का ते पाहा, तो अडकला किंवा झिजला असेल. नंतर रोटर, ज्याच्यावर फारसा कोणी संशय घेत नाही. कॅप काढून रोटर जागेवरच ठेवा. कॉइलची मधली वायर इन्सुलेटेड पक्कडीने धरून रोटरच्या मधल्या पत्र्यापासून ३ मिमीवर आणा. पॉइंट मिटलेले आणि चावी ऑन असताना ते प्लॅस्टिकच्या काडीने उघडा. प्रत्येक वेळी ठिणगी जोरात रोटरवर उडत असेल, तर करंट रोटरच्या आतून शाफ्टला जातो आहे. रोटर फेकून द्या. बाहेरून तो अगदी नवा दिसला तरीही.