वाचक विचारतात : दोन लाख एकर रान आणि पाण्याचा एक हौद

प्रश्न : ताई नमस्कार. मी सांगोला तालुक्यातला, घरी चार खिलार अन् पंधरा-वीस शेरडं आहेत. मुलीच्या जीकेच्या पुस्तकात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांचं नाव आलं. त्या दुष्काळी मुलखातल्या गुरंवाल्या घरातल्या होत्या आणि घरचं रान दोन लाख एकर होतं म्हणे. एवढी जमीन असल्यावर कसला आलाय दुष्काळ? ते तर संस्थानिकच झाले की. जरा नीट सांगा.

उत्तर : दादा, आकडा खराय. साधारण १,९८,००० एकर, ऍरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या हद्दीवर. रँचचं नाव लेझी बी, कारण जनावरांना जो डाग द्यायचे तो आडवा पडलेला इंग्रजी बी होता. सँड्राबाईंचे आजोबा हेन्री क्ले डे यांनी १८८० मध्ये तिथं गुरं आणली. आता खरी गोष्ट बघा, या रानातली मालकीची जमीन अगदी थोडी, बाकी सगळं सरकारी, चराईसाठी भाड्यानं घेतलेलं, म्हंजे आपल्या गायरानासारखंच समजा. आणि जनावरं किती, तर दोन हजाराच्या आसपास. करा भागाकार, एका गाईमागं शंभर एकर! कारण पाऊस पडतो वर्षाला दहा इंच, म्हंजे २५० मिलिमीटर, आपण सांगोला-मंगळवेढ्याला दुष्काळी म्हणतो तिथल्या सरासरीच्या जवळपास निम्मा. संस्थानिक कुठले हो, शंभर एकर फिरल्यावर एका गाईचं पोट भरायचं. आणि हे पण सांगितलं पाहिजे की हा मुलूख काही रिकामा पडलेला नव्हता, तो अपाची लोकांचा होता, त्यांना हटवून मग ही वस्ती झाली.

या मुलखात कुटुंबं कशी आली ते बघा. १८६२ च्या कायद्यानं सरकार १६० एकर द्यायचं, अट एवढीच की पाच वर्षं राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, मग ती नावावर. पूर्वेकडं पाऊस चांगला, तिथं १६० एकरात घर सुखानं चालतं. पण सुक्या माळावर १६० एकरात दोन गाई पण धड जगत नाहीत. जॉन वेस्ली पॉवेल म्हणून सरकारी भूगर्भतज्ज्ञ होते, त्यांनी १८७८ मध्ये रिपोर्ट दिला की या भागात गुरं राखून जगणाऱ्या कुटुंबाला निदान २,५६० एकर पाहिजेत. ऐकलं कुणी? गुरांसाठी म्हणून वेगळा कायदा झाला १९१६ मध्ये, आणि तेव्हाही दिले ६४० एकरच. मला याचा खरंच राग येतो, कारण कागदावरचा एकर सगळीकडं सारखा मानला की मरतो तो कोरडवाहूवालाच, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

मग लोक काय करायचे, तर जिथं झरा किंवा ओढा आहे नेमका तेवढाच तुकडा नावावर करून घ्यायचे. आजूबाजूचं कोरडं रान आपोआप त्यांच्या हातात यायचं, कारण पाण्याशिवाय तिथं दुसरा कोण गुरं आणणार. जिथं झरा नाही तिथं विहीर पाडायची, वर लोखंडी पवनचक्की आणि खाली हौद. वारा सुटला की पंप आपोआप चालायचा, पण पंपाच्या नळीत कातडी वायसर असतो तो झिजला की पाणी बंद, आणि उन्हाळ्यात हौद कोरडा पडला तर दोन-तीन दिवसात जनावरं आडवी. म्हणून सँड्राबाईंचे वडील हॅरी डे आणि त्यांचे गडी सारखे या पवनचक्कीवरनं त्या पवनचक्कीवर, पाईप उपसा, वायसर बदला, परत सोडा. हे वाचताना मला आमच्या मंगळवेढ्याकडचा वस्तीवरचा हापसा आठवला, उन्हाळ्यात वायसर गेला की चार माणसं पाईप ओढायची आणि आजी घागर घेऊन बाजूला बसून राहायची, पाणी आल्याशिवाय उठायचीच नाही. देशभर गेलेला इंडिया मार्क टू हापसा १९७० च्या दशकात आपल्या सोलापूर पंपावरनंच बेतला होता, हे किती सोलापूरकरांना माहितीये?

प्रश्न : तिथल्या बायका-पोरांचं कसं चालायचं? शाळा होती का? (एक शिक्षिका, करमाळा)

उत्तर : बाई, शाळा जवळपास नव्हतीच. घर मातीच्या कच्च्या विटांचं, चार खोल्यांचं, गडीमाणसं पडवीत झोपायची, आणि सँड्रा सात वर्षांची होईपर्यंत घरात ना नळ ना वीज. शिकायला तिला सहाव्या वर्षीच टेक्सासमध्ये एल पासोला आजीकडं ठेवलं, सुट्टीत घरी. एक वर्ष घरी राहून शिकली तर अंधारात बस धरायची आणि अंधारातच परत. आपल्याकडं ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं आजीजवळ राहतात ना, तसंच.

एक प्रसंग फार प्रसिद्ध आहे. पंधरा वर्षांची असताना ती एकटी पिकअप घेऊन रानात गुरं गोळा करणाऱ्यांचं जेवण पोचवायला निघाली, वाटेत चाक पंक्चर. नटबोल्ट गंजून घट्ट बसलेले, शेवटी पान्यावर उभी राहून अंगाचा भार देऊन तिनं ते सोडवले, चाक बदललं आणि पोचली. वडील म्हणाले, उशीर झाला. चाक गेलं होतं म्हणल्यावर म्हणाले, मग अजून लवकर निघायचं. तिला वाटलं होतं शाबासकी मिळेल. मला ते वडील कठोर वाटतात, पण ज्या रानात एक हौद चुकला तर जनावरं मरतात तिथं कारण ऐकून घ्यायची सवयच राहत नसावी.

प्रश्न : आमच्या गायरानात सगळी वेडी बाभूळ झालीय, गवत म्हणून राहिलं नाही. ही अमेरिकेतनं आली हे खरं का? (मोहोळ)

उत्तर : खरंय. मूळची मेक्सिको आणि त्याच्या खालच्या अमेरिकेतली, १८७० च्या दशकात भारतात आणली. ऍरिझोनात तिचीच बहीण आहे, मेस्किट म्हणतात. तिथं पहिल्या लोकांनी गवत बघून वारेमाप गुरं भरली, मग १८९१ ते १८९३ असा दुष्काळ पडला की दक्षिण ऍरिझोनात निम्म्याहून जास्त जनावरं मेली. गवत मुळासकट खाऊन संपलेलं, जमीन उघडी, आणि मेस्किटच्या गोड शेंगा खाऊन गुरांनी बी शेणातनं सगळ्या रानात पेरलं. तुमच्या गायरानात तेच चाललंय.

तोडून उपयोग नाही, बुडातनं दहा फांद्या फुटतात, खोडाची गाठ जमिनीखालनं खणूनच काढावी लागते. आणि शेंगा आख्ख्या खाऊ देऊ नका. गोळा करा, वाळवा, गिरणीत भरडून कडब्याच्या कुट्टीत थोड्या थोड्या मिसळा, नुसत्या शेंगांवर ठेवलं तर जनावर आजारी पडतं. भरडल्यावर बी फुटतं आणि उगवत नाही. खणायला पहिल्या पावसानंतर सुरुवात करा, जमीन मऊ असते.