पुढच्या मॉडेलसाठी थांबवलेला निर्णय

“मॅडम, आत्ता काही ठरवण्यात अर्थ नाही. पुढचं मॉडेल आलं की काय ते कळेल.” समुपदेशक म्हणून गेल्या दोन-तीन वर्षांत हे वाक्य मी संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून, लेखापालांकडून आणि कलाशाखेला जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या पालकांकडून ऐकले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचे नवे भाषा-मॉडेल, म्हणजे मजकूर लिहिणारी आणि अनुवादणारी संगणक-प्रणाली, येईपर्यंत शिक्षणाचा किंवा व्यवसायाचा निर्णय थांबवावा का, हा त्यांचा प्रश्न असतो. त्याविषयी मला जे सांगायचे आहे ते एका अनुवादिकेने मला शिकवले. त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, ते येथे लिहीत आहे.

त्या एक्केचाळीस वर्षांच्या होत्या आणि चौदा वर्षे घरून इंग्रजी-मराठी अनुवाद करत होत्या. विमा पॉलिसी, औषधांची माहितीपत्रके, जाहिराती असे त्यांचे काम होते. पूर्वी एजन्सी शब्दावर पैसे देत असे. आता यंत्राने केलेला मसुदा येई आणि तो दुरुस्त करण्याचा दर निम्म्याहून कमी असे. म्हणजे त्यांची भीती मनाचे खेळ नव्हती, हे मी आधी नोंदवते, कारण अशा वेळी “काही होत नाही हो” असे म्हणणाऱ्या माणसांना त्या कंटाळल्या होत्या. बी.एड. करून शाळेत जावे, असा त्यांचा पर्यायी विचार होता. पण सीईटीचा अर्ज त्यांनी सलग दोन वर्षे भरला नव्हता. फेब्रुवारी २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी जीपीटी-५ हे पुढचे मॉडेल काही महिन्यांत येईल असे जाहीर केले, एप्रिलमध्ये त्याआधी दुसरी मॉडेल येतील असे सांगितले, आणि या प्रत्येक घोषणेबरोबर बाईंचा निर्णय पुढे सरकत गेला. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्या मोबाइलवर अफवा वाचत बसत.

पहिल्या तीन भेटींत मी चूक केली. त्यांच्या भाकिताला मी दुसऱ्या भाकिताने उत्तर देऊ लागले. कृत्रिम बुद्धिमत्तेतील जेफ्री हिंटन यांच्यासारख्या श्रेष्ठ शास्त्रज्ञाने २०१६ मध्ये, पाच वर्षांत यंत्रे क्ष-किरणतज्ज्ञांहून सरस ठरतील, म्हणून नवे तज्ज्ञ घडवणे आत्ताच थांबवा, असे म्हटले होते आणि आजही रुग्णालयांना ते तज्ज्ञ लागतात, हे मी सांगितले. त्यांनी लगेच प्रत्युत्तर दिले, की मॉडेल मजकूर लहान तुकड्यांत तोडून वाचते आणि खर्च तुकड्यांवर ठरतो; मे २०२४ च्या जीपीटी-४ओ मॉडेलने नमुन्याच्या मराठी वाक्याचे ९६ तुकडे ३३ वर आणले, म्हणजे मराठी आता यंत्राला पूर्वीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. मग पुढच्या वेळी काय होईल? माझ्याकडे उत्तर नव्हते. माझ्या दिलाशाचा परिणाम दोन दिवस टिके आणि तिसऱ्या दिवशी त्यांना नवा दिलासा हवा असे. मी त्यांच्या वाट पाहण्यालाच खतपाणी घालत होते.

७ ऑगस्ट २०२५ रोजी भारतीय वेळेनुसार रात्री साडेदहाला जीपीटी-५ चे सादरीकरण झाले. बाईंनी ते पूर्ण पाहिले. पुढच्या भेटीत त्या निकाल घेऊन येतील अशी माझी अपेक्षा होती, पण त्या अधिकच गोंधळलेल्या होत्या. कोणी नवे मॉडेल विलक्षण म्हणत होते, तर कोणी काढून घेतलेले जुने ४ओ परत मागत होते, आणि ते काही दिवसांतच पैसे भरणाऱ्या ग्राहकांना परत मिळालेही. महिना संपण्याआधी बाई जीपीटी-६ विषयी वाचू लागल्या होत्या.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ मिशेल ड्युगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून ज्याला अनिश्चितता सहन न होणे म्हटले, ते मला तेव्हा समोर दिसले. अशा माणसाला वाईट बातमीपेक्षा न आलेली बातमी जास्त छळते, आणि माहिती गोळा करत राहणे हेच त्याला निर्णयासारखे वाटू लागते. मग आम्ही दोन गोष्टी केल्या. मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या पद्धतीप्रमाणे काळजीला रोज संध्याकाळचा ठरावीक अर्धा तास दिला. इतर वेळी आलेली काळजी वहीत लिहून त्या वेळेसाठी ठेवायची. हे पहिला आठवडाभर जमले नाही, नंतर जमू लागले आणि झोप सुधारली.

दुसरी गोष्ट अधिक उपयोगी ठरली. “पुढचं मॉडेल काय करेल?” याऐवजी “आज हाताशी असलेलं मॉडेल माझ्या टेबलावरच्या कामाचं काय करतं?” हे त्यांनी स्वतः तपासावे, असे मी सुचवले. त्यांनी आपल्याच जुन्या कामांतले पाच मजकूर यंत्राकडून करून घेतले आणि दुरुस्तीला लागलेला वेळ घड्याळ लावून मोजला. औषधाचे पत्रक वीस मिनिटांत नीट झाले. जाहिरातीत मात्र एकाच वाचकाला कुठे ‘तू’ तर कुठे ‘आपण’ म्हटले होते आणि ती मुळापासून लिहावी लागली. विम्याच्या अटींत ‘वगळून’ हा एक शब्द गळला होता. तो वाचताना खटकत नव्हता, म्हणूनच बाईंना तो सर्वांत गंभीर वाटला.

हा कागद पुढे ठेवून आम्ही बोललो तेव्हा बी.एड.चा विषय पुन्हा निघाला. मी विचारले, “मॉडेल कधीच आलं नसतं, तर तुम्हाला शिकवायला आवडलं असतं?” त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “नाही. वर्गात उभं राहायची मला पहिल्यापासून धास्ती आहे.” दोन वर्षे त्या ज्या उत्तराची वाट पाहत होत्या, त्याचा कोणत्याही कंपनीच्या घोषणेशी संबंध नव्हता.

अनुवादाचे भवितव्य मला आजही सांगता येणार नाही, आणि तसे मी त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांनी औषध-पत्रकांचे काम सोडले, त्यामुळे उत्पन्न काही काळ घटले. विम्याच्या मसुद्यांसाठी शब्दाऐवजी तासावर दर मागितला. एका एजन्सीने नाकारला, दुसरीने सहा महिन्यांसाठी मान्य केला. ते पाच मजकूर त्यांनी जपून ठेवले आहेत. नवे मॉडेल आले की त्याच मजकुरांवर घड्याळ लावायचे आणि आकडे आधीच्या आकड्यांशेजारी लिहायचे, असे त्यांचे ठरले आहे.