‘कुत्रा पाहिजे म्हणून तूच रडत होतास ना?’

उन्हाळा लागला की हे वाक्य समुपदेशनाच्या खोलीत हमखास ऐकू येतं. मुलाच्या हट्टापायी घरात कुत्रा येतो, पहिले काही महिने कौतुकात जातात आणि मग सकाळी त्याला फिरवायला कोणीच उठत नाही. आई धुसफुसते, बाबा ‘देऊन टाकू कोणाला तरी’ म्हणतात, मुलगा पांघरूण डोक्यावर ओढतो. पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: याला जबाबदारी शिकवायची कशी?

‘आळशी’ हे निदान मी मान्य करत नाही, हे आधीच सांगून टाकते. जो मुलगा कुत्र्याला जेवू घालतो, त्याच्या कानामागच्या गोचिड्या काढतो, त्याला पायाशी घेऊन झोपतो, पण बाहेर मात्र नेत नाही, तो सगळं काम टाळत नसतो. त्यातलं एक नेमकं काहीतरी टाळत असतो. ते काय आहे, हे आधी शोधावं लागतं.

नागपुरात मनीषनगरकडच्या एका लेआउटमधलं कुटुंब. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगा तेरा वर्षांचा, ब्रूनो हा लॅब्रॅडोर तीन वर्षांचा, वजन तीस किलोच्या आसपास. ‘का जात नाहीस?’ असं त्याला विचारण्यात अर्थ नव्हता, ते घरी रोज विचारलं जात होतं. त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि ब्रूनोला फिरवायचा रस्ता काढायला सांगितला. गेट, विजेची डीपी, हनुमानाचं मंदिर, मोकळा प्लॉट असं काढत काढत पेन्सिल सावजी हॉटेलच्या कोपऱ्यावर थांबली.

‘इथून पुढे?’

‘इथून आम्ही जात नाही.’

‘कधीपासून?’

बराच वेळ तो कागदाचा कोपरा दुमडत बसला. मग म्हणाला, ‘दिवाळीपासून.’

हॉटेलमागे हाडं टाकतात, तिथे मोकाट कुत्री असतात. दिवाळीच्या सुट्टीत एका पहाटे चार कुत्री अंगावर आली, ब्रूनोने हिसका दिला आणि याने दोरी सोडली. ब्रूनो धावत गेटपाशी पोहोचला, कोणालाच काही लागलं नाही. घरी मात्र बाबांनी झापलं: दोरी सोडायची असते का? गाडीखाली आला असता तर?

‘मी त्याला सोडून दिलं नं, मॅडम.’

‘चार कुत्री, तीस किलोचा ब्रूनो आणि मधे तू. दोरी सोडलीस तेच बरोबर केलंस.’

त्याने मान वर केली. ‘हे बाबांना सांगाल?’

बाबांना आत बोलावून त्यांच्यासमोर तेच वाक्य पुन्हा म्हटलं. ते म्हणाले, ‘अरे, मग तू घाबरला होता हे सांगितलं काहून नाही?’ मुलगा म्हणाला, ‘तुम्ही दोरीचंच विचारलं.’

त्या घरातलं रोजचं भांडण कुत्र्यावरून नव्हतंच, हे इथे लख्ख दिसलं. मुलाची भीती आणि अपराधीपणा, दोन्ही ‘सकाळी उठवत नाही’ या एका सबबीखाली झाकले गेले होते. घरच्यांना आळस दिसत होता, म्हणून उपायही आळसावरचेच चालले होते: गजर, दम, मोबाइल काढून घेणे. अशा उपायांनी भीती तसूभरही हलत नाही. टाळत राहिलं की ती उलट पोसली जाते, कारण घरी थांबलेल्या प्रत्येक सकाळी मनाला हाच धडा मिळतो की थांबलो म्हणून वाचलो.

म्हणून पुढचं सगळं काम रस्त्यावर झालं. अशाच पेचात असलेल्यांनी ते घरी करून पाहावं.

आधी सामान. गळ्यातल्या पट्ट्याखाली दोन बोटं जावीत. चार जात असतील तर घाबरलेला कुत्रा मान मागे खेचून निसटतो. ओढणाऱ्या मोठ्या कुत्र्याला छातीवर पुढून कडी असलेला हार्नेस बरा, कारण ओढलं की कुत्रा आपल्याकडे वळतो. दोरी पाच-सहा फुटांची असावी. ती मनगटाला गुंडाळू नये, हिसक्यात हात मुरगळतो. दोरी ताणली की जागीच उभं राहायचं, सैल झाली की निघायचं. ओढल्यावर आपण मागे मागे जातो, म्हणूनच कुत्रा ओढायला शिकतो. सुरुवातीला अर्ध्या तासात दोन गल्ल्याही होत नाहीत. होऊ नयेत.

मग मोकाट कुत्री. ती बहुधा आपल्या हद्दीपुरती भुंकतात, हद्द संपली की थांबतात. दुरून दिसली की लगेच पलीकडच्या बाजूने मोठा वळसा घ्यायचा. नजर रोखायची नाही, दगड उचलायचा नाही, पळायचं तर मुळीच नाही. आपल्या हाताचा ताण दोरीतून कुत्र्याला कळतो आणि तोही ताठरतो. जवळ आलीच तर खिशातली बिस्किटं त्यांच्या बाजूला, आपल्यापासून लांब फेकून चालत राहायचं. आणि मुलाला आधीच सांगून ठेवायचं: अंगावर आली तर दोरी सोड, कुत्रा आपण नंतर शोधू. चावा किंवा नुसता ओरखडा जरी लागला, तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठायचा.

भीतीच्या पायऱ्या अशा लावल्या: आधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मग गेटबाहेर, मग मंदिरापर्यंत, शेवटी कोपरा दिसेल पण कुत्री फिरकणार नाहीत इतक्या अंतरावर. प्रत्येक पायरीवर धडधड थोडी उतरेपर्यंत थांबायचं आणि मगच वळायचं. भीती टोकाला असताना परत फिरलं की तो जुनाच धडा पक्का होतो. बाबांनी दहा पावलं मागे चालायचं, तोंड न उघडता. हेच सगळ्यांत अवघड गेलं. पुढच्या भेटीत ते म्हणाले, ‘मॅडम, कुत्र्यापेक्षा मलेच शिकवा लागून राहिलं.’

नागपूरच्या मे महिन्याचं गणित वेगळं. सकाळी साडेसहाच्या आत परत, संध्याकाळची फेरी रात्री नऊनंतर. डांबर सूर्य मावळल्यावरही तापलेलंच असतं. हाताची उलटी बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवता आली नाही, तर कुत्र्याचे पंजेही भाजतील. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून थंड होतो. धापा थांबेनात, लाळ घट्ट झाली, चाल डळमळली तर सावलीत नेऊन अंगावर साधं पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि पशुवैद्य गाठायचा.

कामाची वाटणी मात्र आईशी बसून केली. त्या रोज पाच वेळा आठवण करायच्या आणि स्वतःला ‘मदत करणारी’ समजायच्या. पण आठवण ठेवणं हा कामाचाच भाग आहे. तो आईकडे असेपर्यंत काम आईचंच राहतं. म्हणून सकाळ पूर्ण मुलाची ठरली: उठणं, दोरी, विष्ठा उचलायची पिशवी, परतल्यावर पंजे पुसणं, पाण्याचं भांडं. रात्रीची फेरी बाबांची. सकाळ चुकली तर ब्रूनोने केलेली घाण मुलानेच पुसायची, आईने शब्दही न बोलता.

कोपऱ्यावरून तो अजूनही रोज जात नाही, कधी मंदिरामागून वळतो. आईंनी काळजीने विचारलं, भीती राहिली का? वळसा त्याने स्वतः निवडलेला आहे, तेव्हा तो राहू द्यावा असं मी सुचवलं. परीक्षेच्या दिवसांत सकाळची फेरी बाबांकडे जाते. ती कोणत्या तारखेला परत मुलाकडे येणार, हे आधीच कॅलेंडरवर लिहिलेलं असतं.