फाइटचा रविवार, तर्री आधी तयार ठेव

अरे, पहिल्यांदाच घरी यूएफसी, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या फाइटी, बघायची पार्टी ठेवतोयस, तर एक लक्षात घे. तिकडे अमेरिकेत, लास व्हेगासला फाइटची शनिवारची रात्र असते, तेव्हा आपल्याकडे रविवारची सकाळ. म्हणजे पार्टी नाश्त्याची, आणि नाशकात नाश्ता म्हणजे मिसळच! तर्री रात्रीच करून ठेव, मटकीही शिजवून ठेव. सकाळी फक्त गरम करायचं, पाव आणायचे, पापड तळायचे. कांदा मात्र पाहुणे यायच्या आधी चिर. 2015 च्या डिसेंबरात मॅकग्रेगरनं आल्डोला 13 सेकंदांत आडवा केला, तेव्हा मी ओट्यापाशी कांदाच चिरत होतो. बाहेर आरडाओरडा, मी सुरी घेऊन धावलो, तोवर रिप्ले चालू!

वाढायचं ते दोन फाइटींच्या मधे. राउंड 5 मिनिटांचा, मधली विश्रांती 1 मिनिटाची. तेवढ्यात फार तर चहा ओतून होतो. टायटल फाइट, म्हणजे विजेतेपदाची, 5 राउंडची, बाकीच्या बहुतेक 3 च्या.

नोव्हेंबर ते मार्च तिकडचं घड्याळ तासभर मागे असतं, म्हणून वेळ आदल्या दिवशी बघ. आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना आधीच सांगून ठेव, सोबत वाटीभर मिसळ. मग त्या सहसा वर येत नाहीत.